दुसऱ्यांच्या मापाची

कोल्हापुरातल्या कितीतरी नोकरदार बायकांचे कपडे त्यांच्या अंगावर चढायच्या आधी माझ्या अंगावर चढले आहेत. यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. माझी आई शिवणकाम करायची, आणि तिची बहुतेक गिऱ्हाइकं म्हणजे सदा घाईतल्या आया. दवाखान्यातल्या सिस्टर, शाळेतल्या बाई, बँकेत काउंटरवर बसणाऱ्या, दूध संस्थेत काम करणाऱ्या. सकाळी पोरांचे डबे भरायचे, सासूला चहा द्यायचा, पोरं शाळेत सोडायची आणि धावत बस गाठायची, असा त्यांचा दिवस. कापड टाकायला आल्या तरी चप्पल पायातच आणि एक पाय उंबऱ्याबाहेर. अशा बाईला ट्रायलसाठी पुन्हा बोलवणं अशक्यच. "आक्का, तुम्हीच बघा की कसं बसतंय ते. मला कुठला आलाय वेळ?" असं म्हणून त्या निघून जायच्या. मग आईनं यावर तोड काढली. ती तोड म्हणजे मी.

"सुरखे, हिकडं ये. उभी राहा जरा." माझं नाव सुरेखा, पण आईच्या तोंडी ते कधी पुरतं आलं नाही. ही हाक आली की हातातलं सोडून बाहेरच्या खोलीत जायचं, हात वर करायचे आणि आई जे घालील ते घालून घ्यायचं. मी शिडशिडीत होते, त्यामुळं जाड बाईचा कपडा असला की आई माझ्या पोटाला टॉवेल गुंडाळायची. सिस्टरना एक टॉवेल आणि एक पंचा लागायचा. हायस्कूलच्या कुंभार बाई म्हणजे आबांची सोलापुरी चादर, चौपदरी घडी घालून. आई तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती फिरायची, खांद्याला धरून वळवायची, कमरेशी चिमटीत कापड पकडायची आणि टाचण्यांमधूनच बोलायची, "हलू नको गं." समोर कपाटाचा आरसा होता. त्यात मी बघायचे तेव्हा नवाकोरा, कडक वासाचा, सुंदर कपडा माझ्या अंगावर असायचा. मग टाचण्या लावून झाल्या रे झाल्या की आई "काढ आता, टाके तुटतील" म्हणायची आणि तो कपडा जायचा. मला घरात घालायला मावसबहिणीचे उतरलेले फ्रॉक होते, त्यांच्या बगला उसवलेल्या. त्या उसवलेल्या बगला शिवायलाही आईला वेळ नव्हता. जगात माझ्याइतके नवे कपडे कुणी घातले नसतील आणि माझ्याइतका त्यांचा हेवा कुणी केला नसेल.

आमचं घर कळंब्याच्या बाजूला, गावाची वस्ती संपत यायची तिथं. तळ्यावरून वारा यायचा आणि जेलकडून तासाचे टोल ऐकू यायचे. आबा फौंड्रीत होते, त्यांच्या पाळ्या बदलत. त्यांची पाळी बदलली की आमच्या जेवणाच्या वेळा बदलत. आईचं मशीन मात्र कधी बदललं नाही. ती पहाटे उठून भाकरीची चवड लावून ठेवायची, वर एक फडकं, शेजारी खर्ड्याची वाटी. त्यानंतर दिवसभर आम्ही ज्यानं त्यानं आपापलं वाढून घ्यायचं. आमटीत कधी दोरा निघायचा, कधी कापडाची चिंधी. आबा तो दोरा चिमटीत धरून उजेडात बघायचे आणि म्हणायचे, "आज सिस्टरचा हाय वाटतं, पांढरा हाय." आई मशीनवरूनच हसायची. मी हसायची नाही. मला त्या सिस्टरचा राग यायचा, की तिचा दोरासुद्धा आमच्या ताटात.

आमच्याकडे ऋतू कापडावरून कळायचे. शिमगा सरला की बाहेरच्या खोलीत मलमल आणि वॉयल यायचं, फिक्या रंगांचं. मग एकदम गडद रंग यायचे, चिखल उडाला तरी दिसू नये असे, आणि पटकन वाळणारं टेरिकॉट. ऊस तुटायला लागला की खादी, जाडसर कॉटन, फलालीन. आईला नुसतं शिवता येत नव्हतं, तिला या बायकांचा दिवस दिसायचा. लुनावरून जाणारीच्या सलवारीची मोहरी ती आवळून करायची, चाकात जाऊ नये म्हणून. पाळणाघरातून बाळ उचलणारीच्या खांद्याला आतून दुहेरी कापड, तिथं लाळ सांडते म्हणून. अंगावर पाजणारीला पुढं एक चुणीदार पट्टी आणि तिच्याखाली लपवलेली बटणं, म्हणजे बसमध्येसुद्धा पदर शोधायला नको. आणि प्रत्येकीला खिसा. उजव्या शिवणीत, बाहेरून पत्ता लागणार नाही असा. किल्ली, पास, सुटे पैसे आणि रडक्या पोरासाठी एक लिमलेटची गोळी, एवढं त्यात मावलंच पाहिजे, असा तिचा दंडक होता. वर तो कपडा दिसलाही पाहिजे छान. "दमलेली बाई दमलेली दिसली न्हाय पायजे," असं ती म्हणायची.

परवा माझ्या सुनेनं मोबाईलवरून कॉर्ड सेट की काय म्हणतात तो, वर-खाली एकाच कापडाचा, मागवला. पार्सल फोडलं आणि नाचतच माझ्याकडे आली. "मम्मी, बघा, याला खिसा आहे!" दोन्ही हात खिशात घालून ती आरशासमोर उभी राहिली. ती पण नोकरी करते, तिचंही पोर लहान आहे, तिला बरं वाटणं साहजिक आहे. मी "छान आहे" म्हटलं आणि आत गेले. मनात म्हटलं, अगं बाई, हे खिसे माझ्या अंगावर शिवून झालेत.

तर या सगळ्या बायकांचा मला हेवा वाटायचा, पण तो वरवरचा. खरं पोट दुखायला लागलं ते चौगुले मॅडम आल्या तेव्हा. त्या जैनांच्या, माहेर निपाणीकडचं. वारणानगरच्या कॉलेजात शिकवायच्या. पहाटेची एसटी धरायच्या आणि दिवस मावळताना परत यायच्या, घरी तान्हं बाळ. वय तिशीच्या आत. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी उंबऱ्यावर चप्पल काढली, आत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आक्का, साडी नेसून बसमध्ये चढायचं, उतरायचं, बाळाला घ्यायचं, मला जमंना झालंय बघा. घरात सासूबाईंना विचारलंय, पंजाबी ड्रेसला त्या व्हय म्हणाल्यात. पण दिसायला नीट पायजे. पोरं वर्गात बसतात समोर." आईचा चेहरा असा फुलला की मी बघतच राहिले. आमच्याकडे चहा स्टीलच्या पेल्यातून प्यायचो. मॅडमना कपबशी काढली. त्या कपबशीला मी हात लावला की आई ओरडायची.

आईनं मॅडमचं माप घेतलं, मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा टेपकडे बघितलं. "अगं बाई, ही तर सुरखीच हाय की," ती म्हणाली. खांदा तोच, छाती तीच, उंची तीच. मला टॉवेल लागणार नव्हता. त्या दिवसापासून मॅडमचं माप म्हणजे माझं माप असं ठरून गेलं आणि आईनं मॅडमना पुन्हा टेप लावली नाही. त्या नुसतं कापड पाठवायच्या. उन्हाळ्याचे झाले, पावसाळ्याचे झाले, सगळे माझ्या अंगावर बेतून. दुसऱ्या कुणाचे कपडे माझ्यावर टॉवेलमुळं थोडे तरी हास्यास्पद दिसायचे. मॅडमचे दिसायचे नाहीत. ते मला बसायचे, आणि खरं सांगते, त्यांच्यापेक्षा मला चांगले दिसायचे. तेच तर सोसत नव्हतं.

आणि आईच्या तोंडी सतत मॅडम. मॅडमच्या बाळाला दात आला. मॅडमना बसमध्ये बसायला जागा मिळत नाही. मॅडमचे हात बघितलेस काय, किती स्वच्छ असतात. माझी दहावी त्या वर्षी होती, याची आठवण आईला आमच्या वर्गाच्या बाई घरी आल्या तेव्हा झाली. मॅडमना सुट्टी फक्त रविवारी, म्हणून कपडे न्यायला त्या रविवारी यायच्या, आणि रविवारी आमच्याकडे मटण असायचं. मॅडम येणार असल्या की आई मटण आणू द्यायची नाही. आबा पिशवी घेऊन निघायचे तोवर हिचं सुरू, "आज नको. मॅडम येणार हायती."

"मॅडम काय आपल्या ताटात जेवायला बसणार हायत व्हय?" आबा विचारायचे.

"वास जातोय की दारापर्यंत. बाईमाणूस दारातनं माघारी फिरंल."

मग त्या रविवारी पिठलं. आबा मुकाट्यानं जेवायचे, मी एकेक घास त्या बाईला शिव्या देत गिळायची. आठवडाभर ज्या रश्श्याची वाट बघायची, तो त्या बाईच्या एका ड्रेससाठी गेला, असं माझं गणित होतं.

जाकीट आलं ते थंडी सुरू होताना. मॅडम त्या दिवशी कापडाऐवजी एक जुनी इरकल घेऊन आल्या. गडद डाळिंबी, काठ हिरवा. माहेरी त्या आईला अव्वा म्हणत. अव्वा वारल्या होत्या आणि ही त्यांची नेसण्यातली साडी, घडीवर विरलेली. "आक्का, नेसायला येत न्हाय आता. पहाटे लई गार असतं स्टँडवर. ड्रेसवरनं घालायला याचं बिनबाहीचं जाकीट करता येईल काय? म्हंजे अव्वा पाठीवर असल्यासारखी वाटंल." असं म्हणताना त्यांचे डोळे भरले. आईचेही भरले. मी दारातून बघत होते, माझे भरले नाहीत.

त्या जाकिटात आईनं जीव ओतला. विरलेला भाग हातानं चाचपून, टाळून तिनं कापड कापलं. हिरवा काठ दोन्ही कडांवरून खाली आणला आणि गळ्याशी मिळवला. आत करड्या फलालीनचं अस्तर, दोन खिसे, एक बाहेरून, एक आत, आतल्या खिशाला बटण. बाळाच्या बोटांत अडकू नये म्हणून बाहेर बटण नाही, बांधायचे बंद. एका दुपारी तिनं मला हाक मारली आणि ते माझ्या अंगावर चढवलं. अस्तराची ऊब पाठीला लागली. आरशात बघितलं तर मला मीच ओळखू येईना. डाळिंबी रंगानं माझा काळा रंग उजळला होता. मी खिशात हात घातला. आई चार पावलं मागं सरकली, मान तिरकी केली आणि म्हणाली, "कसं बसलंय बघ." एक टाचणीसुद्धा लावावी लागली नाही.

"आई," मी म्हटलं, "मला एक असलं शिव की."

"शिवते की. दिवाळी होऊ दे."

"दिवाळी झाली."

"मग लगीनसराई सरू दे. काढ आता."

मी काढलं नाही. बंद घट्ट आवळून तशीच उभी राहिले. आईनं स्वतः येऊन ते सोडवले. अस्तर निघालं तशी पाठ गार पडली. मला त्या क्षणी चौगुले मॅडमचं काहीतरी वाईट व्हावं असं वाटलं, त्यांची बस चुकावी, त्यांना कॉलेजातून काढून टाकावं, काहीही. त्यांच्या बाळालाही मी त्यात सोडलं नव्हतं.

रविवारी मॅडम आल्या. घरात अर्थातच पिठलं शिजत होतं. आईनं जाकीट घडीवर घडी घालून, वर रुमाल टाकून ठेवलं होतं. तिनं रुमाल काढला, मॅडमनी "आई गं" म्हटलं आणि जाकीट गालाला लावलं. मग अंगात घातलं. जाकीट मॅडमच्या खांद्यावरून ओघळत होतं. छातीवर कापड ढिलं, लांबी कमरेच्या खाली नको तितकी. मॅडम आरशात वळून वळून बघत होत्या. आईनं काठ ओढून बघितला, बगलेत बोट घातलं, पुन्हा लांब जाऊन बघितलं. "असं कसं झालं?" ती पुटपुटली. "माप तर तेच हाय." तिनं गळ्यातली टेप काढली आणि उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा मॅडमना लावली. माप उन्हाळ्यात होतं तेवढंच होतं, तसूभर कमी-जास्त नाही.

मग तिनं दाराकडे बघितलं. दारात मी होते. तिनं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत असं बघितलं की जणू मी परगावाहून आले होते.

"सुरखे," आई म्हणाली, "तू कधी वाढलीस गं?"

मॅडम आधी हसल्या, मग आई हसायला लागली, स्वयंपाकघरातून आबा बघायला आले आणि काय झालं ते कळल्यावर तेही हसायला लागले. पावसाळ्यातला ड्रेससुद्धा जरा सैलच झाला होता, मॅडमना वाटलं होतं त्याच रोडावल्या. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आक्का, हे जाकीट सुरेखाचंच हाय बघा. राहू दे तिला. खरंच राहू दे. किती शोभंल." त्या मनापासून म्हणत होत्या, आवाजावरून कळत होतं. सगळ्या वर्षात मला ती बाई पहिल्यांदाच आवडली.

"छे, छे," आई म्हणाली. "तुमच्या अव्वांची साडी हाय ती, मॅडम. तुमच्याच अंगावर जायची." आणि माझ्याकडे न बघता तिनं कात्री उचलली. मॅडमना तिनं तिथंच बसवून ठेवलं, जाकिटाची शिवण उसवली, दोन्ही बाजूंनी कापड आत घेतलं, खालचं कापलं. कात्रीचा कर कर आवाज मी मागच्या पायरीवर बसून ऐकला. माझ्या अंगावरून काढून माझ्याच घरात ते लहान करत होते. पिठल्याला मी हात लावला नाही. आबांनी ताट झाकून ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. "मटण आणू काय संध्याकाळी?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं, यावरून मला किती लागलं होतं ते त्यांना कळलं असेल.

आता वाटतं, आईनं ते जाकीट मला दिलं असतं तर मी ते घालू शकले नसते. दुसऱ्या बाईची मेलेली आई पाठीवर घेऊन मी कुठं फिरणार होते? पण हे आत्ता सुचतं. तेव्हा मला ते हवं होतं, बस्स.

त्यानंतर आईनं मला हाक मारणं बंद केलं. पहिल्यांदा बरं वाटलं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मग एका दुपारी शाळेतून आले तर बाहेरच्या खोलीत, आरशासमोर, समोरच्या घरातली मंदा उभी. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि काडीसारखी. तिच्या अंगावर चौगुले मॅडमचा निळा ड्रेस. आई तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरत होती. तिनं मंदाला खांद्याला धरून वळवलं. माझा खांदा धरायची, अगदी तसंच. आणि म्हणाली, "हलू नको गं."

जे काम मला नकोसं झालं होतं, त्याच्यासाठी माझ्या अंगाची अशी आग होईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. कपड्यांचा हेवा एक वेळ सोसतो. पण आईचा हात, तो कमरेशी कापड चिमटीत धरणारा, मानेमागं टाचणी लावताना जरासा टेकणारा, तो मंदाला? दिवसभरात आई मला तेवढाच हात लावायची. मला ते ठाऊकच नव्हतं. मंदाला आरशात बघताना मला ते कळलं. मंदा आरशात स्वतःला बघून खुलली होती, मी जशी खुलायची तशी.

मी दप्तर आपटलं. "हिला कशाला बोलवलंस?"

आईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं नुसती मान हलवली.

"मी वाढले म्हणून मला काढून टाकलंस व्हय? मंदीला घे पोटाशी! मॅडमला घे! त्या सिस्टरला घे! सगळ्या कोल्हापूरच्या बायकांना बघतीस, त्यांच्या पोरांचे दात बघतीस, मी वाढलेली तुला दुसरीच्या जाकिटावरनं कळली!"

मंदा घाबरून टाचण्यांसकट मागं सरकली. मला वाटलं आई मारणार. आईनं तोंडातली एकेक टाचणी काढली आणि मनगटावरच्या गादीत खोचली.

"अगं, काढून कोण टाकतंय तुला?" ती म्हणाली. "तुला आता कुणाचंच माप बसंना झालंय. मॅडमचं न्हाय, सिस्टरचं न्हाय. तुझं माप आता तुझंच झालंय की."

"मग घे की ते!"

"घेते की. उभी राहा."

मंदा बाजूला झाली. आईनं गळ्यातली टेप काढली आणि मला लावली. गंमत बघा, इतकी वर्षं मी तिच्यासमोर उभी राहिले होते, पण टेप मला कधी लागली नव्हती. टेप गिऱ्हाइकांना लागायची, मी नुसती उभी. तिनं खांदा मोजला, पाठ मोजली, दंड मोजला. प्रत्येक आकडा ती मोठ्यानं म्हणायची आणि मग थांबायची, जणू पटत नव्हता, आणि पुन्हा मोजायची. उंची घेताना तिला हात वर करावे लागले. "माझ्या वर गेलीस गं," ती म्हणाली. तिच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी तिनं मशीन बंद ठेवलं. दुपारचं मशीन बंद म्हणजे आमच्या घरात कुणी आजारी असल्यासारखं. ती मला महाद्वार रोडवर घेऊन गेली आणि दुकानात म्हणाली, "रंग तूच बघ." मी मोरपंखी खादी घेतली, जाडसर, थंडीची. गिऱ्हाइकं दारात येऊन परत गेली, सिस्टर तर चिडून गेली. आईनं आधी माझा ड्रेस पुरा केला, वर जाकीट. मी मुद्दाम हट्ट केला की खिसे मॅडमच्या जाकिटाला होते त्याहून एक जास्त पाहिजे. आईनं लावला. तो तिसरा खिसा कुठंही कामाचा नव्हता, डाव्या बरगडीवर, हातही नीट जायचा नाही. मी त्यात कायम काहीतरी ठेवायची.

पहिल्यांदा घातला तेव्हा मंदा दारात उभी होती. कपडा मला असा बसला होता की आईनं नुसतं माझ्याभोवती एकदा फिरून बघितलं आणि "काढ आता" म्हणायला तोंड उघडलं. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं मिटलं. मी आरशातून मंदाकडे बघितलं. तिची नजर माझ्या बंदांवर होती. ती नजर मला पुरती ओळखीची होती. मला फार फार बरं वाटलं. मी तिच्यासाठी दोनदा वळले.

मॅडम पुढं बदली होऊन गेल्या. आबा गेल्यावर आम्ही नवरा-बायकोनं आईच्या घरावरच मजला चढवला आणि तिथंच राहिलो. बाहेरची खोली आता सुनेची गाडी लावायला झाली आहे. मंदाचं सासरही याच गल्लीतलं, हाक मारली तर ऐकू जाते. आई फार थकली आहे. साडी सावरत नाही म्हणून पुढून उघडणारा गाऊन घालते. तो मीच शिवते, तिचंच मशीन वर आणून. यंदा गारठा पडला तसा तिच्यासाठी फलालीनचा शिवायला घेतला. तिनं सुनेचा तो कॉर्ड सेट बघून ठेवला होता. "तिला खिसा हाय," ती म्हणाली, "मग मला का न्हाय?"

"तुला खिशात काय ठेवायचंय आता?"

"ते माझं मी बघीन की."

खिसा लावला. ट्रायलची वेळ आली. आईला आता फार वेळ उभं राहवत नाही, पाय कापतात. ती खाटेवरूनच म्हणाली, "मंदीला हाक मार की. तिचं अन् माझं माप आता एकच झालंय. तिच्यावर बघ."

मंदा अजून काडीच आहे. नातवंडं झाली तरी अंगावर काही धरलं नाही तिनं. आई म्हणाली ते बरोबर होतं, मापाचा प्रश्नच नव्हता. पन्नाशी कधीच ओलांडलेली बाई मी, पण माझ्या पोटात तेच दुखलं, त्याच जागी.

"मंदीवर न्हाय," मी म्हटलं. "तू उभी राहा. मी धरते."

कुरकुरत ती उठली. माझ्या खांद्यावर एक हात ठेवून उभी राहिली. मी तोंडात टाचण्या धरल्या, तिला खांद्याला धरून वळवलं, कमरेशी जास्तीचं कापड चिमटीत घेतलं. फार कापड हातात आलं. इतकी कधी आटली ही, मला कळलंच नव्हतं. मानेमागं टाचणी लावताना माझा हात तिच्या पाठीला लागला, तिथं नुसती हाडं होती. टाचणी नीट जाईना.

"हलू नको गं," मी म्हटलं.

"मी कुठं हलालीय?" आई म्हणाली. "तूच हलाय लागलीस की."